लेवीनाबाईंची पोथी

बंगळुरातल्या चामराजपेठेतली वसुमती ख्रिस्ती झाली, नुसती झाली नाही तर येत्या नाताळात कंटोन्मेंटातल्या एका पाद्र्याशी लग्न लावणार आहे, ही बातमी एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पोचली, तेव्हा पाद्र्याला टक्कल आहे इथपर्यंतचा तपशील तिच्याबरोबर आला होता. पुरावाही काही कमी नव्हता. दर रविवारी सकाळी, बरोबर चर्चच्या घंटांच्या वेळेला, वसुमती धुवट पातळ नेसून, काखेत काळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक मारून बसथांब्यावर उभी राहायची आणि दुपारी परतायची ती गालांत हसत. चाळिशीला आलेली विधवा बाई रविवारीच का हसते, या एका प्रश्नावर गल्लीतल्या निम्म्या घरांची कॉफी गार होत होती.

शेवटी गोदूबाईंनी कंबर कसली. गोदूबाई म्हणजे राममंदिरातल्या महिला मंडळाच्या सर्वेसर्वा. वय पासष्टीच्या पुढे, उंची बेताची, आवाज मात्र दोन गल्ल्या ओलांडणारा. कुणाच्या घरी दूध नासलं तरी त्यांना विचारल्याशिवाय ते फेकायची सोय नव्हती. एका रविवारी त्या वसुमतीच्या मागोमाग बसमध्ये चढल्या आणि पदर तोंडावर ओढून मागच्या बाकावर बसल्या. कंडक्टर आला. वसुमतीनं मान न वळवता दोन तिकिटं घेतली आणि म्हणाली, "मागं तोंड झाकून बसल्यात ना त्या अक्का, त्यांचं पण यातच आलं. त्यांना सांगा, तिकडं ऊन लागतंय, इथं सावलीत या."

पुढचा सगळा प्रवास गोदूबाईंनी सावलीत बसून केला. कंटोन्मेंटात उतरल्यावर पाहतात तो चर्च राहिलं पलीकडे. वसुमती शिरली ती अमेरिकन पुस्तकांच्या एका वाचनालयात. टेबलं, खुर्च्या, कपाटंच कपाटं आणि छताला गरगरणारे पंखे. गोदूबाई वेताच्या खुर्चीत टेकल्या आणि थेट दुपारी जाग्या झाल्या. घरी येऊन त्यांनी निकाल दिला: "पाद्री बिद्री कोण नाही. नुसती पुस्तकं. पण पंखा, अय्यो, पंखा फार चांगला आहे."

गल्ली हळहळली. इतकी चांगली बातमी अशी वाया जावी याचं कुणाला वाईट वाटणार नाही?

आता वसुमतीबद्दल. तिचं माहेर बळेपेठेतलं. तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर दक्षिणेत उतरलेल्या कुणा कारकुनाचं ते घराणं, आणि तेव्हापासून कारकुनी काही त्या घराला सोडायला तयार नव्हती. वडील अठरा कचेरीत, म्हणजे सरकारी दफ्तरात, कारकून. सकाळी ते दाढी करायला बसत तेव्हा लहान वसुमतीनं समोर उभं राहून इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचं असा नेम होता. आतल्या खोलीत आजी. तिला जगातल्या घडामोडींची भारी हौस, पण इंग्रजीचा गंध नाही. मग वसुमती एक ओळ बापासाठी इंग्रजीत आणि तीच लगोलग आजीसाठी मराठीत वाचायची. बापाच्या गालावरचा साबण वाळायच्या आत पान संपलं पाहिजे. त्यामुळे इंग्रजी डोळ्यांनी वाचायचं आणि तोंडातून मराठी बाहेर काढायचं ही करामत तिच्या जिभेला बालपणीच जडली, आणि वाचण्याचा वेगही असा की ऐकणाऱ्याला मध्ये शिंकायला फट मिळू नये.

मॅट्रिक झाली, सुधींद्र नावाच्या भल्या माणसाशी लग्न झालं, आणि चौथ्या वर्षी विषमज्वरानं तो गेला. तेव्हापासून ती चामराजपेठेत दिराकडे, शेषगिरीकडे राहायची. शेषगिरीचं घर वाईट नव्हतं, उगाच कुणाचं नाव घेऊ नये. तिला कुणी टाकून बोलत नसे. अडचण एवढीच की कुणी बोलतच नसे. भाजीत मीठ कमी आहे का, हे सगळ्यांना विचारून वाढणारी जाऊसुद्धा वसुमतीच्या पानापाशी आली की मुकाट पुढे सरकायची. लालबागेजवळ एका बियाण्यांच्या दुकानात ती टंकलेखनाला जायची. तिथे तर गंमतच. देशोदेशीच्या व्यापाऱ्यांना ती अशी फर्डी पत्रं लिहायची की हॉलंडच्या कुणी फुलवाल्यानं "आपल्यासारखा रसिक माणूस पाहिला नाही" असं उलट कळवलं होतं. ते अर्थात मालकाला. सही त्याची असे. थोडक्यात, या बाईचा आवाज खणखणीत, बुद्धी लखलखीत, आणि ऐकायला अख्ख्या बंगळुरात एक माणूस नाही.

त्या मालकानंच तिला पहिल्यांदा वाचनालयात धाडलं. कुणा गिऱ्हाइकाला अमेरिकन कापसाच्या जातींची माहिती हवी होती. वसुमतीनं शेतीचं कपाट उघडलं आणि कापूस हा शब्द नावात असलेलं एक काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक उचललं. चार पानं वाचल्यावर तिच्या लक्षात आलं की यात बियाणं नाही, बाई आहे. ठेवणाऱ्यानं नुसतं नाव वाचून शेतीत ढकललेलं ते एका काळ्या अमेरिकन लेखिकेचं आत्मचरित्र होतं. तिचं नाव लेवीना होल्कम.

मालकाला कापसाची माहिती मिळाली की नाही देव जाणे. वसुमतीला लेवीना मिळाली. लेवीनाच्या आजीला शेतावर विकत आणलेलं. पोटच्या पोरी एका बाजाराला आणि ती दुसऱ्या बाजाराला. आई गावातल्या गोऱ्यांचे कपडे धुवायची. परसात चुलाणावर इस्त्र्या तापत, शेजारपाजारच्या सात-आठ धोबिणी ओळीनं उभ्या राहून इस्त्री करत, आणि एवढ्याशा लेवीनाला त्यांनी एका उपड्या टोपलीवर बसवलेलं. काम एकच: वाच. हाताला लागेल ते वाच, पण मोठ्यानं वाच, म्हणजे हात भराभर चालतात. एखाद्या शब्दाशी अडली की सगळ्याजणी इस्त्री उचलून थांबत. कापड करपायच्या आत तिनं तो शब्द सोडवायचा. अशी शिकलेली ती पोर पुढे उत्तरेला गेली, हॉटेलांत बश्या धुतल्या, पुस्तकं लिहिली, मोठमोठ्या सभांतून बोलली; आणि नाव झाल्यावरही वर्षातून एक महिना कुठल्या ना कुठल्या धुलाईखान्यात जाऊन बायकांना वाचून दाखवत राहिली. तिचं पाहून गावोगावच्या धुलाईखान्यांत वाचणाऱ्या पोरी बसू लागल्या.

टोपलीवरची ती पोर वसुमतीला आपल्या ओळखीची वाटली. एवढंच की त्या पोरीला ऐकायला धोबिणी होत्या.

आणि त्याच साली चातुर्मास आला.

राममंदिरात चातुर्मासभर दुपारी बायकांची पोथी असे. कृष्णाबाई वाचत. त्या इतक्या निवांत वाचत की एका ओवीत दोनदा खोकत, एकदा डुलकी घेत आणि जागं झाल्यावर मागची ओवी पुन्हा म्हणत. त्यामुळे पोथी बरोब्बर चार महिने पुरायची. बायका ऐकता ऐकता वाती वळायच्या. कार्तिकातल्या दीपोत्सवाला देवळाला लक्ष वाती लागत, त्या सगळ्या याच दुपारींतून निघत. कृष्णाबाईंच्या संथ लयीवर हात झकास चालायचे. त्या वर्षी कृष्णाबाईंना मोतीबिंदू झाला आणि गोदूबाईंना बसमधला तो आवाज आठवला.

वसुमती चौरंगापुढे बसली आणि आजीला वर्तमानपत्र वाचायची त्याच वेगानं तिनं पोथी वाचली. म्हणजे भाद्रपदातच संपवली.

"संपली?" गोदूबाई.

"संपली, अक्का."

"अगं, पण चातुर्मास शिल्लक आहे!"

"त्याला मी काय करू? शेवटची ओवी आली."

"कृष्णाबाईच्या वेळी कधी आली नाही ती कार्तिकाआधी!" गोदूबाईंनी कपाळाला हात लावला. "आता दोन महिने काय भिंती बघत वाती वळायच्या? काहीतरी वाच बाई. एखादं चरित्र वाच. कुणा चांगल्या बाईमाणसाचं."

वसुमतीनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी पोथीच्या लाल फडक्यात काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. तिनं ते चौरंगावर ठेवलं, हळदकुंकू बायकांनीच वाहिलं, आणि कुणीतरी विचारलं, "या कुठल्या गं? आपल्यातल्या?"

"नाही, तिकडच्या," वसुमती म्हणाली. खोटं काय बोलली सांगा? तिकडच्याच.

पहिल्या दिवशी आजीच्या पोरी विकल्या गेल्या आणि राममंदिरात पदरांनी नाकं पुसली गेली. तिसऱ्या दिवशी बायका वेळेआधी येऊन बसू लागल्या. ज्या सुना पोथीच्या वेळी हटकून पाळणा हलवायला घरी राहायच्या त्या पाळण्यासकट आल्या. लेवीनाच्या नावाला बाई लागलं, मग 'लेवीनाबाईंच्या मातोश्री' आल्या, आणि त्या धोबिणींचा तर बायकांना असा लळा लागला की त्यातल्या एकीला दम्याचा त्रास आहे हे कळल्यावर कृष्णाबाईंनी आडुळशाचा काढा सुचवला.

"लेवीनाबाईंना उपास कुठला असायचा?" एकीनं विचारलं.

"खूपदा असायचा," वसुमती म्हणाली. "वार ठरलेला नव्हता."

उघडं पडायची वेळ सुलभामुळे आली. सुलभा म्हणजे नव्यानं आलेली पुण्याची बाई, नवरा विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर. ती एक दिवस पाहुणी म्हणून बसली, थोडं ऐकलं आणि उडालीच. "अय्या, थांबा थांबा! ही तर अमेरिकन रायटर आहे! निग्रो लेडी! मिस्टरांच्या मॅगझिनमध्ये फोटो होता हिचा. अहो, ही संतबिंत नाहीये, जिवंत आहे!"

संपलं सगळं, असं वसुमतीला वाटलं. उद्यापासून पुन्हा मुकाट जेवण आणि मालकाची सही.

गोदूबाईंनी सुलभाकडे पाहिलं. "जिवंत आहे? मग बरंच झालं की. तब्येत बरी आहे ना?"

"अहो पण... अमेरिकेची आहे ती!"

"असू दे. आपण सुद्धा कुठले, आणि बंगळुरात बसलोय कुठं! तुम्ही स्वल्प सरका बघू, वारा अडतोय. वाच गं वसुमती. टोपलीवर बसून त्या शब्दाशी अडल्या, पुढं?"

पुढे बासष्ट-त्रेसष्टपर्यंत सुलभा या गोष्टीवर मान हलवत होती. पण एक दुपार चुकवली नाही तिनं.

श्रोत्यांत आणखी एक बाई होती, ती मात्र पायरीच्या आत नव्हती. सगुणाबाई. देवळाचं अंगण झाडायची. तिचा सासरा पलटणीबरोबर नगरकडून आलेला. घरातली माणसं गेल्यावर या मुलखात तिच्याशी मराठी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. अंगण झाडून झालं की ती नागलिंगाच्या झाडाखाली खराटा आडवा टाकून बसायची. आत यायचं नाही हे तिला सांगावं लागत नव्हतं आणि आतल्यांना ते कधी खटकत नव्हतं. वसुमतीचा आवाज तिच्यापर्यंत जायचा, बास.

लेवीनाबाई संत नाहीत हे बायकांनी सोसलं. पण वातींचं काय? गोष्ट एकदा रंगली की हात थांबायचे. कापूस मांडीवर आणि डोळे वसुमतीच्या ओठांवर. शिवाय शेतावर कापसाची बोंडं वेचताना बोटं कशी फाटायची ते वाचल्यापासून तर कुणी कापूस पटकन हातातच घेईना. घेतला तर त्याच्याकडे बघत बसायची. आश्विन उजाडला आणि देवळाचा डबा निम्मासुद्धा भरला नाही.

देवळाची व्यवस्था भीमाचार्य बघत. शब्दाला पक्का माणूस, विद्वान, आणि स्वभावानं तापट. वातींचा डबा हलका लागला तशी त्यांना शंका आली की दुपारी बायका नुसत्या गप्पा हाणतात. म्हणून एक दिवस ते आवाज न करता आले आणि मागच्या खांबाआड पाट टाकून बसले. कुणाला पत्ता नाही, असं त्यांना वाटलं. चपला मात्र दारात होत्या, आणि चामराजपेठेत चपलांवरून माणूस ओळखता न येणारी बाई अजून जन्मायची होती.

त्या दिवशी स्टेशनचा अध्याय होता. नऊ वर्षांची लेवीना आईबरोबर तालुक्याच्या गावी निघालेली. आईच्या डोक्यावर कडक इस्त्री केलेल्या कपड्यांचं गाठोडं. उन्हाचा तडाखा, पोरीला ताप, घशाला कोरड. फलाटावर नळ एकच चालू, आणि त्यावर पाटी: फक्त गोऱ्यांसाठी. आईनं धुतलेले कपडे त्या लोकांच्या अंगाला चालत होते, नळाला तिचा हात चालत नव्हता.

"आई नळासमोर गाठोडं ठेवून त्यावर बसली," वसुमतीनं वाचलं, आणि पुस्तक मिटलं. रोज असंच करायची ती. ऐन घाटात गाडी थांबवायची.

तेवढ्यात बाहेरून, झाडाखालून आवाज आला. "अक्का, ती पोर प्यायली का पाणी?"

इतक्या दिवसांत सगुणाबाई पहिल्यांदा बोलली होती. वसुमतीनं दारातून बाहेर पाहिलं. "उद्या सांगते, सगुणाबाई. बसा आजचा दिवस."

त्या रात्री गल्लीत पुष्कळांना झोप लागली नाही. भीमाचार्यांच्या घरचा दिवाही म्हणे बराच वेळ जळत होता. पण ते ग्रंथ वाचत असतील, आपण कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी चपला पुन्हा दारात. गाठोड्यात गावच्या न्यायाधीशाचा सदरा होता, आणि त्याच्या लेकीचं लग्न होतं त्याच संध्याकाळी. तो सदरा घ्यायला स्टेशनवर आला. आई गाठोड्यावरून उठेना. "सदरा आहे," म्हणाली, "आधी पोरीला पाणी." लोक जमले. न्यायाधीश लाल झाला, पण वरात काही थांबणार नव्हती. शेवटी त्यानं आपल्या खिशातला चांदीचा पेला काढला, स्वतः भरला आणि पुढे केला. लेवीना प्यायली. आईनं सदरा दिला. न्यायाधीशानं पेल्याकडे एकदा पाहिलं आणि तो रुळांवर भिरकावून दिला. गाडी गेल्यावर लेवीना खाली उतरली आणि पेला उचलून घेऊन आली. चेपलेला. पुढे आयुष्यभर तो तिच्या लिहायच्या टेबलावर होता. त्यात ती पेन्सिली ठेवायची.

"चांगल्या चांदीचा पेला टाकला!" कृष्णाबाई कळवळल्या. "नुसता तोंडाला लागला म्हणून?"

"मेला असला कसला न्यायाधीश!" गोदूबाई उसळल्या. "आपल्याकडं असं टाकत नाहीत हो. आपण वेगळा ठेव..."

वाक्य तिथेच तुटलं. देवळाच्या मागच्या पडवीत, नळाशेजारी, खुंटीला एक करवंटी टांगलेली होती. सगुणाबाईची. सगळ्यांना ती माहीत होती, सगळ्यांनी ती रोज पाहिली होती, आणि त्या क्षणी कुणीही तिकडे मान वळवली नाही. गोदूबाई आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिल्या. घरी जाताना त्यांचा आवाज आपल्या गल्लीपुरताही निघाला नाही, आणि दुसऱ्या दिवशी करवंटीच्या जागी खुंटीला त्यांच्या घरचा पितळी गडू होता. कुणी ठेवला म्हणून कुणी विचारलं नाही. गोदूबाईंना विचारणार कोण?

भीमाचार्यांना मात्र गडू दिसला. तिसऱ्या दिवशीही ते शेवटपर्यंत ऐकत बसले, वसुमतीनं पुस्तक मिटलं आणि मगच ते खांबाआडून बाहेर आले. राग त्यांना तीन दिवसांपासून आलेला असणार, पण अध्याय मध्येच कसा सोडायचा!

"हे काय चाललंय?" ते गरजले. "ही पोथी आहे? परक्या मुलखातली, परधर्माची बाई! देवळात! वाती राहिल्या, रीतभात राहिली. वसुमती, उद्यापासून हे बंद."

वसुमतीनं फडक्याची गाठ मारली, पण ती गाठ काही केल्या बसेना. आयुष्यात पहिल्यांदा लोक तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होते, आणि आता दोन शब्दांत ते संपणार होतं.

बोलल्या त्या गोदूबाई. "सरी, आचार्य. तुम्ही म्हणाल तसं. फक्त एक सांगा. हळदकुंकू वाहून सुरू केलेलं वाचन अर्ध्यावर टाकलं तर दोष लागतो, हे आम्हाला कुणी शिकवलं?"

आचार्यांनीच शिकवलं होतं. दर आषाढात शिकवत.

"तो दोष कुणाला लागायचा? आम्ही तर पूर्ण करायला तयार आहोत. तुम्ही घेता अंगावर?"

"अहो, पण ही पोथी नव्हेच!"

"मग तीन दिवस तुम्ही पाटावर मांडी घालून कशाला बसला होता?"

बायकांत खसखस पिकली. आचार्यांची शेंडी हलली, उपरणं सावरलं गेलं. माणूस तापट असला तरी आपला शब्द मोडणारा नव्हता. ते म्हणाले, "बरं. पूर्ण करा. वाती घरी बसून वळा, पण डबा भरला पाहिजे. आणि एक. ऐकायचं ते आतल्यांनी ऐकायचं. ती सगुणा उद्यापासून पोथीच्या वेळी अंगणात बसणार नाही. गडूबिडूची थेरं तिथूनच सुरू झाली."

झालं. बायकांनी सुस्कारा टाकला. जिंकलोच म्हणायचं. लेवीनाबाई पूर्ण होणार होत्या. आता एका बाईनं चार आठवडे दुपारी दुसरीकडे बसायचं, त्यात काय एवढं? गोदूबाईसुद्धा म्हणाल्या, "मी तिला नंतर सांगत जाईन गं, थोडक्यात." वसुमतीनं फक्त मान हलवली. होकारार्थी की कशी, ते कुणाला कळलं नाही.

इथे पुढचं थोडं आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर तोंड उघडायला जागा मिळणार नाही. सदुसष्ट साली इंग्रजी वर्तमानपत्रात आतल्या पानावर दोन बोटांची बातमी आली की लेखिका लेवीना होल्कम वारल्या. वसुमतीनं ती गोदूबाईंना वाचून दाखवली. गोदूबाई उठल्या आणि डोक्यावरून अंघोळ करून आल्या. त्या दिवशी चामराजपेठेतल्या पुष्कळ न्हाणीघरांत अवेळी पाणी तापलं. अमेरिकेत तिच्यासाठी मोठमोठ्या शोकसभा झाल्या असतील. पण धुलाईखान्याच्या त्या पोरीचं सुतक बंगळुरात पाळलं गेलं हे तिकडे कुणाला कळायला मार्ग नव्हता. आणि आमच्याकडे बाईमाणसाच्या कुठल्याही खऱ्या चरित्राला नावच पडलं, लेवीनाबाई. "यंदा कुणाची लेवीनाबाई लावायची?" असं बायका आषाढातच विचारू लागल्या. त्यांतल्या कित्येकींना ती कोण, कुठली हेही माहीत नव्हतं.

तर, आचार्यांच्या हुकुमाच्या दुसऱ्या दिवशी. बायका देवळात जमल्या. अंगणात नागलिंगाखाली कुणी नव्हतं. सगुणाबाई खराटा उचलून फाटकाकडे निघाली होती. भीमाचार्य दारापाशी उभे राहून हे समाधानानं पाहत होते. वसुमती वेळेवर आली. चौरंगापाशी गेली, पुस्तक उचललं, काखेत मारलं. मग चौरंगही उचलला. तिच्या काखेत पुस्तक आणि डोक्यावर चौरंग असं ते ध्यान आचार्यांच्या समोरून पायऱ्या उतरून गेलं. तिनं चौरंग झाडाखाली ठेवला, त्यावर पुस्तक ठेवलं आणि स्वतः मातीत बसली.

"सगुणाबाई," तिनं हाक मारली, "अहो, कुठं निघालात? या, बसा. उत्तरेच्या गाडीत बसल्यात त्या आज."

सगुणाबाई फाटकाशी थांबली. एकदा देवळाकडे, एकदा झाडाकडे बघितलं. मग परत आली आणि चौरंगासमोर बसली. वसुमतीनं तिच्या एकटीसाठी पहिली ओळ वाचली, तेवढ्याच खणखणीत आवाजात.

आत बायका खिळून बसल्या होत्या. देवळातून शब्द नीट ऐकू येईनात. पहिल्या उठल्या त्या कृष्णाबाई, कारण त्यांना दिसत नव्हतं आणि आता ऐकूही येईना. मग सुलभा उठली. मग पाळणेवाल्या. गोदूबाई सगळ्यांत शेवटी, धुसफुसत, गुडघे चोळत, "मातीत बसवते सटवी या वयात," असं म्हणत एकेक पायरी उतरल्या आणि सगुणाबाईच्या शेजारी रिकामी जागा होती तिथे बसल्या. देवळात उरले फक्त भीमाचार्य.

ते पायरीपर्यंत आले. आवाजात आता राग कमी आणि काळजी जास्त होती. "वसुमती, अगं, तू शहाण्या घरची मुलगी. देवळाबाहेर, धुळीत बसून वाचलेल्याचं पुण्य लागत नाही."

वसुमतीनं वाचत होती तिथे बोट ठेवलं आणि मान वर केली.

"न लागू दे, आचार्य. लेवीनाबाईंनी ते पुण्यासाठी लिहिलं नाही, आणि सगुणाबाई पुण्यासाठी ऐकत नाहीत. तुम्हाला ऐकायचं असेल तर खाली या. खांब मात्र इथं नाही, आमच्यासारखं उघड्यावर बसावं लागेल."